ओळखीचा किडा

जगात ज्याला म्हणून सहा पाय आहेत, त्याच्यावर आमच्या भावोजींचा जीव आहे. दोन पायवाल्यांना त्यांच्या मनात जागा नाही असं नाही, पण ती मागच्या बाकावर. ताई बावीस वर्षं त्यांच्याबरोबर संसार करते आहे. तिने नवी साडी नेसली तर त्यांना चौथ्या दिवशी कळतं. पण पाच वर्षांपूर्वी बाथरूममध्ये सापडलेल्या कुठल्याशा किड्याच्या मिशीला पेरं किती होती ते विचारा, झोपेतून उठून ‘अकरा’ म्हणतील. मी हे हसत सांगतेय असं वाटेल तुम्हाला. नाही हो. गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या घरात किड्यांच्या नावाने कुणी हसलेलं नाही. पण माणूस समजायचा तर आधी हसण्याजोगंच सांगावं लागतं, त्याला मी काय करू?

भावोजी सौदीतल्या कतीफमध्ये एका खाजगी इस्पितळात एक्स-रे काढतात आणि मी तिथेच नर्स आहे. शुक्रवारी सुट्टी, म्हणून मी ताईकडे जेवायला. तिच्या फ्रीजरमध्ये सुरमईच्या तुकड्यांशेजारी औषधाच्या रिकाम्या डब्यांची चळत असते आणि प्रत्येक डबीवर भावोजींच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी: ‘अनोळखी, क्रमांक अमुक’. एकदा लवंगांची डबी समजून ताईने मसालेभातात काय घातलं, ते मला दुसरी वाढ घेतल्यावर कळलं. भावोजी पानावरून उठले, पण किळस येऊन नव्हे. ‘एकशे चौदा गेला!’ म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी. मेलं, माझ्या पोटात काय गेलं याची चौकशी नाही! दम्मामच्या रस्त्यावर एकदा त्यांनी भर दुपारी गाडी थांबवली, का तर काचेवर कुणी येऊन बसलं होतं. पोलिसाने इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, मागितला तर यांनी खिशातून डबी काढून त्याच्या हातात ठेवली, वर भिंगही दिलं. तो बिचारा पाच मिनिटं भिंगातून बघत राहिला आणि मग आमच्याकडे न बघताच ‘यल्ला, यल्ला’ म्हणून हात हलवला.

इंटरनेटवर म्हणे जगभरचे जाणकार बसलेले असतात. त्यांना फोटो पाठवायचा आणि वाट बघायची. उत्तर काय येतं? ‘पोटाकडून फोटो हवा.’ पोटाकडून पाठवला की, ‘नर असता तर सांगता आलं असतं.’ एका किड्यासाठी ते तीन वर्षं थांबले आणि शेवटी उत्तर आलं, ‘बहुधा भुंगेरा.’

“अहो, एवढं तर मीही सांगितलं असतं,” ताई म्हणाली.

“तुझं ‘बहुधा’ कुठे होतं?” भावोजी म्हणाले. “शास्त्र त्या ‘बहुधा’त असतं.”

दोनशेच्या वर डब्या आणि नाव लागलेल्या जेमतेम वीस. या वाळूत अनोळखीपणाला तोटा नाही. मला तर त्या फ्रीजरकडे बघून रडू यायचं, पण हा माणूस थकत नव्हता. त्यांचा नियम एकच: अनोळखी तो पाहुणा, त्याला ठेवून घ्यायचं, ओळखीचा तो घरचा, त्याला सोडून द्यायचं. घरच्याची कोण चौकशी करतो?

अबू जाफरशी त्यांची गाठ पडली तीही अशीच. म्हातारबाबा मनगट मोडून एक्स-रेला आले होते. भावोजी त्यांना ‘हलू नका, हलू नका’ म्हणत होते ते फोटोसाठी नव्हे, बाहीवरच्या किड्यासाठी. बाबांना ते कळलं तेव्हा मोडका हात धरून इतके हसले की भावोजींना बागेचं आमंत्रणच देऊन गेले. गावाच्या कडेला त्यांची चाळीस खजुराची झाडं, सगळी खुनैजी जातीची, वडिलांच्या हातची. मुलं कंपनीत नोकरीला. पाणी सोडायला एक कामगार येऊन जाई, बाकी बाग अशी बघणारं कुणी नाही, आणि बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचं माणूससुद्धा आवाजावरून ओळखत. चटईवर बसल्याबसल्या हाताखाली जे वळवळेल ते दह्याच्या रिकाम्या डब्यात टाकायचं आणि शुक्रवारी भावोजींच्या पुढ्यात ठेवायचं, हा त्यांचा नेम झाला. भावोजी डबा निवडत, ताई आणि मी कॉफी पीत असू. शेवटी बाबा विचारत, “सगळं ठीक?” आणि भावोजी म्हणत, “ठीक.”

गेल्या वर्षी थंडी सरताना त्या डब्यात सोंड्या आला. आम्ही गुहागरच्या बाजूची माणसं, सोंड्या कुणाला दाखवायचा? तांबडा भुंगा, पुढे हत्तीसारखी सोंड, माडाच्या पोटात शिरला की माड गेलाच. लहानपणी भावोजींनी वडिलांच्या माडांतून तारेच्या आकड्याने किती ओढून काढले असतील! मीही बघताक्षणी ओळखला. भावोजी त्याला तळहातावर घेऊन म्हणाले, “अगं, हा तर आपल्याकडचा! माडावरचा. इथे बिचाऱ्याला माड कुठला मिळायला? कुठल्यातरी जहाजातून आला असेल. जा बाबा, जा.” आणि बुंध्याशी सोडून दिला. मी हसले. गाववाला भेटला म्हणून हसले मी! त्यानंतर तो डब्यात पुन्हा आला, पुन्हा सोडला. किती वेळा, ते वहीत नाही. ओळखीच्यांची नोंद ते ठेवतच नाहीत.

यंदा जूनमध्ये वारा सुटला आणि एक झाड मधोमध मोडून पडलं. आत नुसता भुसा, आंबूस वास आणि अंगठ्याएवढ्या अळ्या. शेती खात्याची माणसं आली, बुंध्यांवर लाल रंगाच्या फुल्या मारत गेली. मोडलेलं धरून एकोणीस झाडं. त्यांच्यातल्या एकाने किडा काढून भावोजींना दाखवला, हाच खजूर खातो, गेली कित्येक वर्षं खातोय, म्हणाला. भावोजींनी भिंग काढलं नाही. झाडं कापून जाळली, तेव्हा ते शेवटपर्यंत उभे होते.

घरी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “बाबांना सांगायला हवं. माझी अरबी इतकी नाही. तू सांग.”

“काय सांगू? त्यांना दिसत नाही, कळणार नाही. उगाच कशाला?”

“दिसत नाही म्हणूनच,” भावोजी म्हणाले. “त्यांनी दर शुक्रवारी मला विचारलं. मी ठीक म्हणून सांगितलं.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कपाळ माझं! म्हातारा आम्हाला किडे भेट देत नव्हता. तो आमच्याकडून बाग तपासून घेत होता.

शुक्रवारी गेलो. मी दिवसभर पेशंटना वाईट बातम्या सांगते, पण त्या दिवशी जीभ उचलेना. शेवटी म्हटलं, “भावोजींना झाडांचं फार वाईट वाटतंय.” एवढी अरबी भावोजींना येत होती. “मी हे म्हटलं नाही,” ते मला म्हणाले आणि बाबांच्या पुढे बसून स्वतःच्या डोळ्यांना हात लावला. “अना शुफ्त. मी पाहिला. सोडला.” एवढंच त्यांनी तीनदा म्हटलं. मग उरलेलं सगळं मला सांगावंच लागलं, माड, गुहागर, माझं हसणं, सगळं. बाबांनी कॉफी ओतायला सवयीने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. आम्ही उठलो.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या शुक्रवारी भावोजी माझा स्टेथोस्कोप मागून घेऊन एकटेच गेले. अळी आत कुरतडत असली तर ऐकू येतं म्हणे. उरलेल्या एकवीस झाडांच्या बुंध्यांना नळी लावून एकेक झाड ऐकायचं आणि मोठ्याने सांगायचं, “इथे काही नाही.” बाबा चटईवर पाठ करून बसलेले. हो नाही की नाही नाही. चार महिने हे असं चाललं. फ्रीजरमधल्या डब्या तशाच पडून आहेत. ताई रडली, म्हणाली, निदान एक तरी किडा आणा घरात. ते ऐकत नाहीत.

परवा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. एका झाडाशी भावोजी फार वेळ थांबले. नळी वर लावली, खाली लावली, पुन्हा वर. ‘काही नाही’ आलं नाही, तेव्हा चार महिन्यांत पहिल्यांदा बाबांनी तोंड वळवलं.

“काय ऐकू येतंय?” त्यांनी विचारलं.

“कळत नाही,” भावोजी म्हणाले.

बाबा उठले, काठीने चाचपत त्या झाडापर्यंत आले आणि दुसऱ्या बाजूने त्यांनी बुंध्याला कान लावला. दोघे एका झाडाला बिलगून, श्वास धरून उभे. थोड्या वेळाने बाबांनी हात लांब केला आणि भावोजींचा हात धरून नळी वीतभर खाली सरकवली. मी दूर उभी राहून देवाला म्हणत होते, वारा असू दे, नुसता वारा असू दे.