झिऱ्यात बूट

ते पोट्टे आमच्या गावात आले तो दिवस नेमका पाहुण्याच्या पाण्याचा होता.

हे पाहुण्याचं पाणी काय असते ते आधी सांगतो, नाही तर पुढचं समजणार नाही. आमच्या वस्तीची विहीर पायऱ्याची हाये. दिवाळीपर्यंत पाण्याचा पितळी गुंड वरूनच बुडते. होळी झाली का पाणी तळाले जाते. मंग खडकात एक झिरा हाये परातीएवढा, त्याच्यात पाणी पाझरते. खाली उतरायचं, उकिडवं बसायचं, वाटीवाटीनं गुंड भरायचा. चपला वरच्याच पायरीवर काढायच्या, मंग लेकरू असो का म्हातारं. अन् ज्याच्या घरी पाहुणे येणार, त्यानं आदल्या दिवशी वस्तीत सांगायचं. मंग दुपारपासून कोणी झिऱ्याले हात लावत नाही. रातभर साचते ते पाणी सकाळी त्या घरचं. भांडणं झाली, वस्तीत दोन तट पडले, तरी हे कोणी मोडलं नाही.

ही विहीर आमीच खोदली. मी लगीन होऊन आली तवा पाटलाच्या विहिरीले आमाले हात लावता येत नोता. लांब उभं राहायचं. कोणाले दया आली का वरून ओतायचं. कधी मुद्दाम अंगावर ओतायचे अन् हसायचे. सासू म्हणे, पदर पुढं कर व, वल्ला पदर घरी पिळू. आमी धम्म घेतला होता, पण पाण्याची गोष्ट काही बदलली नोती. मंग वस्तीनं नाल्याच्या काठाले आपली विहीर धरली. माणसं सुरुंगाले भोकं पाडत, आमी बाया गोटे वाहत. माझी पयली पोरगी तवा पोटात होती. ती नाही राह्यली. ते जाऊ द्या.

तर तिथं देव नाही बसवला आमी, पण चपला काढतो.

माझा नातू तिशीचा झाला. वाशिमले मोटारसायकली दुरुस्त करते. बिडी नाही, दारू नाही. पण जिथं सोयरीक पाहाले गेलो तिथं बाया एकच विचारत, पाणी कुठून आणता? विहिरीत उतरा लागते म्हणलं का एकमेकीच्या तोंडाकडे पाहत. त्यायचं चुकत नोतं. मी बी माझी पोरगी अशा गावात देली नसती. मंग शिरपूरकडची एक पोरगी जमून आली. तिले हा पसंत, याले ते पसंत. तिची माय अन् मामा घर पाहाले येणार होते, अन् त्यायच्याच हो-नाहीवर सगळं अडलं होतं.

म्हणून त्या दिवशी मी दुपारपासून विहिरीच्या वरच्या पायरीवर बसून होती. राखण म्हणा. राखणीची गरज नसते, पण मनाले चैन पडत नोतं.

उन्हं उतरली अन् एक मोठी गाडी आली. त्याच्यातून पोट्टे-पोट्टी उतरले, पुण्या-नागपूरकडचे, पाठीले पिशव्या, गळ्यात कॅमेरे. एक चष्मेवाली पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. बोलाले गोड होती.

"आजी, आम्ही ब्लॉग लिहितो. म्हणजे इंटरनेटवर लिहितो, लोक मोबाईलवर वाचतात. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय, उद्या एकाच दिवशी सगळ्यांनी हवामान बदलावर लिहायचं."

"लिहा ना बाई," मी म्हणलं.

तिनं विचारलं, आधी पाणी कसं होतं, आता कसं हाये. मी सांगितलं. म्हणलं, पाऊस येते तवा एकदमच येते अन् शेत खरडून नेते, मंग महिना महिना तोंड दाखवत नाही. तुरीचा फुलोरा गळून जाते. उन्हाळा होळीच्या आधीच येऊन बसते. ते लोक खोटं नोते बोलून राह्यले, हे मी आजबी म्हणतो. जग तापून राह्यलं ते आमच्या अंगाले समजते.

मंग त्यायच्यातला एक दाढीवाला, सगळे त्याचंच ऐकत होते, तो म्हणे, "आजी, जरा खाली उतरून पाणी भरता का? छान फोटो येईल."

"आज नाही भरत," मी म्हणलं. "आज पाणी राखून ठेवलं. उद्या घरी पाहुणे हायेत, नातवाले सोयरीक पाहाले."

"अरे वा! दोनच मिनिटं हो आजी. उजेड जाईल."

"उजेड उद्या बी येईन. पाणी नाही येणार."

तो हसला. त्याले वाटलं म्हातारी मजा करून राह्यली. मंग मीच दिसली नाही त्यायले. एक उतरला, त्याच्यामागं दुसरा, मंग सगळेच, बुटासगट. मी ओरडली, "बूट काढा रे, बूट!" एक पोट्टी म्हणे, "हो आजी, घसरणार नाही आम्ही."

बाप्पा, मले वाटलं तिथूनच गोटा फेकावा.

खाली जाऊन ते झिऱ्याभवती उभे राह्यले. एक म्हणे पाणी किती आहे ते दिसलं पाहिजे, अन् त्यानं पायच टाकला झिऱ्यात. मोजाले. दुसरीनं बी टाकला, अन् हसून राह्यली, थंडगार हाये म्हणे. तळाचा गाळ वर आला. दुपारपासून वस्तीनं तहान मारून साचू देलेलं पाणी, त्याचा चिखल झाला डोळ्यादेखत.

मी उतरली. माझ्या गुडघ्यानं मी बसत-सरकत उतरली. झिऱ्यावरची वाटी एकीच्या हातात होती, ते हिसकली अन् तोंडात येईन ते बोलली. म्हणलं, "मेल्यांनो, आपल्या घरच्या माठात जाऊन हागा, इथं कायले येता! तुमच्या मायनं बुटासगट पाजलं का तुमाले पाणी?" अन् मी असं बोलून राह्यली तवा खट खट खट आवाज येत होता. मले वाटलं काही पडून राह्यलं. तो कॅमेरा होता.

चष्मेवालीले समजलं असंल. तिनं त्यायले वर चला, वर चला म्हणलं. वर आल्यावर त्या दाढीवाल्यानं गाडीतून पाण्याची बाटली काढली, शीलबंद, झाकण कट्कन तोडलं, अन् बुटाचा चिखल धुतला. माझ्यापुढं. पुरी बाटली वतली. मंग ते बाटली तिथंच बाभळीखाली सोडली. मी इतक्या वर्षात लय काही पाह्यलं, अंगावर पाणी फेकणारे पाह्यले. पण इतकी किळस मले कोणाची नाही आली. फेकणाऱ्याले निदान ठाऊक होतं का तो काय करून राह्यला.

जाताना हात जोडले सगळ्यायनं. "थँक्यू आजी. तुमच्यामुळे जगाला कळेल."

सांजले वस्तीत बोंब झाली. माझी सून डोक्याले हात लावून बसली. शेजारीण लय तोंडाची, ते दारात येऊन म्हणे, "म्हातारे, तुले राखणीले बसवलं का फोटो काढाले?" असं म्हणाली, अन् सकाळी तिनंच आपल्या घरचा भरलेला गुंड आणून माझ्या ओट्यावर आदळला. "घे, मिरव पाहुण्यात." तिच्यामागं आणखी आल्या. कोणी कळशी, कोणी तांब्या. ज्याच्या घरी जितकं होतं तितकं. आमचा माठ काठोकाठ झाला. मी ज्याची त्याची भांडी परत देली. अशा वेळी बोलू नये.

पाहुणे आले. जयभीम झाला, पाय धुवाले पाणी देलं, सुनेनं पोहे केले, चा केला. पोरीची माय बोलाले साधी होती, घरात चुलीपर्यंत जाऊन पाहून आली. तिचा चेहरा खुलला होता. नातू मोरीजवळ उभा, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मले वाटलं, जमलं.

मामा ओसरीत बसून मोबाईल पाहून राह्यला होता. एकदम म्हणे, "ताई, हे पाह्य बरं."

मोबाईलमंधी मी होती. झिऱ्याजवळ वाकलेली, हातात वाटी, तोंड उघडं, केस सुटलेले, पुढं नुसता चिखल. सून अन् नातू वाचाले लागले. लिहिलं होतं, हे पाणी जनावरं पण पिणार नाहीत, ही आजी हेच पिते. खाली लिहिलं होतं, घोटभर पाण्यासाठी आजीचा आक्रोश.

आक्रोश! मी शिव्या देऊन राह्यली होती, अन् त्यायनं लिहिलं म्हातारी रडते.

"आजी, हे तुमीच ना?" पोरीची माय म्हणे.

"मीच. तो चिखल त्यायच्या बुटाचा हाये." मी सगळं सांगितलं. बाई चांगली, तिनं ऐकून घेतलं. म्हणे, "चला, पाहू मंग." आमी विहिरीवर गेलो. झिरा अजून गढूळ होता, वरती बुटाचा कसला तरी तेलकट तवंग, अन् कडेले चिवड्याचं चमकीचं पाकीट चिपकून. तिनं नाकाले पदर लावला.

मामा म्हणे, "कळवतो."

चष्मेवालीनं जाताना मले तिचा नंबर लिहून देला होता, तो मी नातवाले देला. त्यानं लावला, मी बोलली. म्हणलं, "बाई, तो फोटो काढून टाक. नाही तर खाली लिही का तो चिखल आमच्या बुटाचा हाये. माझ्या नातवाची सोयरीक अडली."

ते रडकुंडी आली. म्हणे, "आजी, मी माझ्याकडचा आत्ता काढते. पण तोच फोटो सगळ्यांनी वापरलाय. आमचं तसं ठरलं होतं, एकच फोटो, म्हणजे परिणाम होतो. मी बाकीच्यांना विचारते."

मंग दुसऱ्याचा फोन आला. तो म्हणे मी एकट्यानं काढून काय उपयोग, बाकीच्यांकडे आहेच. तिसरी म्हणे तुम्ही दादाशी बोला. दादा म्हणजे तोच दाढीवाला. त्याले लावला तर आधी तोच आनंदानं सांगत सुटला, "आजी, किती लोकांनी वाचलं माहितीये? परदेशातून लोक विचारतायत तुमच्याबद्दल!"

"माझ्याबद्दल सोड," मी म्हणलं. "बुटाचं लिही."

तो म्हणे, "आजी, समजून घ्या. आता बुटांचं लिहिलं तर मूळ मुद्दा बाजूला पडेल. लोक आमच्यावरच घसरतील. हा विषय आपल्या सगळ्यांचा आहे ना?"

आपल्या सगळ्यांचा! मी फोन नातवाच्या हातात देला अन् अंगणात जाऊन थुकली. बाकी कामात सगळे एक होते, कोणता दिवस, कोणता फोटो. अन् बुटाचं आलं तवा जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवून राह्यला.

मधात आठ-दहा दिवस गेले असतील. झिऱ्याचं पाणी बसलं, पण वास जाईना. रबराचा वास, अन् काही अत्तरासारखा. चहाले बी तोच वास. वस्तीनं ठरवलं का झिरा पुरा उपसून काढायचा. पाणी आमच्या पाळीत नासलं म्हणून काम आमच्या घराकडं.

त्याच सकाळी निरोप आला. सोयरीक मधात घालणारी बाई स्वतः आली, पाणी बी प्याली नाही. म्हणे, "पोरीची माय राजी होती. पोरगी तर फोटो पाहून हसली म्हणे, म्हणाली हे म्हातारी रडत कुठं हाये, हे तर कोणाले तरी धुऊन काढून राह्यली. पण मामा अडला. तो फोटो त्यायच्या सगळ्या सोयऱ्याच्या मोबाईलवर गेला. तो म्हणते, मी भाची त्या चिखलात ढकलली असं लोक म्हणतील."

"बरं," मी म्हणलं. "जेवून जा."

नातवानं पॅन्ट गुडघ्यावर मुडपली, घमेलं घेतलं अन् विहिरीत उतरला. तो खालून गाळ भरे, मी वरून दोर ओढू. गाळ काळा होता, दुर्गंधी सुटली होती. खूप वेळानं खालून त्याचा आवाज आला.

"आजी, पोरगी खरंच तसं म्हणाली का व?"

"म्हणाली म्हणे."

मंग म्हणे, "मी वाशिमले खोली पाहतो. नळाची. तू बी चाल, माय बी."

"तुही माय येईन," मी म्हणलं. "तुले पोरगी तिथं भेटंल. तू पाह्य खोली."

"अन् तू?"

"मले या पाण्याची सवय हाये. तू घमेलं भर."

त्यानं भरलं. यावेळी जास्तच भरलं होतं, मले ओढवेना. दोर हातातून सरकू लागला तवा शेजारीण आली, तोंडानं बडबडतच, अन् माझ्या मागून दोर धरला.