सिडकोच्या गच्चीतले रोडगे

२०२४ साल. मला चौऱ्याहत्तरावं चालू होतं आणि माझ्याच घरात मला सैपाकघराची बंदी होती. माझ्याच म्हणतो, कारण सिडकोतलं हे घर मी एमआयडीसीत पोती वाहून घेतलंय. मुलानं वर मजला चढवला म्हणून ते त्याचं होत नाही.

बंदी सुनेनं घातली होती. दूध उतू जाऊन गॅस विझला आणि तसाच वाहत राहिला. मी तिथंच खुर्ची टाकून शेंगा सोलत बसलो होतो. ती बाहेरून आली, धडाधड खिडक्या उघडल्या आणि मग जे बोलली ते मी लिहीत नाही. तिला वाटलं, म्हातारा विसरभोळा झाला. मी वाटू दिलं. खरं असं होतं, की कोरोनात माझं नाक गेलं ते परत आलंच नव्हतं. हिंग काय अन् रॉकेल काय, मला सारखंच. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. विसरभोळ्याला माणसं आज ना उद्या चुलीपाशी बसू देतात. नाक नसलेल्याला कोण बसू देईल?

चुलीपाशी बसणं ही माझी इज्जत होती. पैठण रोडला आमचं गाव. तिथं मारुतीपुढं पंगत असली की रोडगे बाप्यांनीच करायचे, अशी रीत. जाडसर गव्हाचं पीठ, त्याच्या लहान पुऱ्या तेल लावून एकीवर एक ठेवायच्या, वरून पिठाचंच पांघरूण घालून गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या आरावर, निखाऱ्यांवर, भाजून गरम राखेत पुरायचा. पुरलेला रोडगा डोळ्यांना दिसत नाही. आत शिजला का कच्चा, ते वासावर कळतं. तो वास घेणारा माणूस गावात मी होतो. मी “काढा” म्हणेपर्यंत सरपंचसुद्धा ताट घेऊन थांबायचा. शाळा चौथीतच सुटली, पण ह्या एका कामात मला कुणी नापास केलं नाही.

मे महिन्यात लेकीची दोन पोरं पुण्याहून सुट्टीला आली. नात घरचीच, अकरा वर्षांची. सुनेनं ठरवलं, सुट्टीत पोरांना सैपाक शिकवायचा. तिघांना ॲप्रन बांधले, मोबाईल उभा करून ठेवला आणि बिस्किटं चुरून केक करायला लावला. कुणीतरी भाजून दिलेलं फोडायचं आणि परत बांधायचं, ह्याला सैपाक म्हणतात म्हणे. मी दारात उभा राहून बघत होतो.

“मामा, तुम्ही बाहेर बसा, पोरं बुजतात,” सून मला म्हणाली.

“बुजायला मी काय बिबट्या हाय?”

धाकटा पुणेकर म्हणाला, “आबा, तुम्हाला येतं का काही करायला?”

“तुझ्या मामीला विचार. हिच्या माहेरची माणसं आमच्या पंगतीत बसली होती तेव्हा रोडग्यासाठी कशी भांडत होती.”

“भांडत नव्हती,” सून म्हणाली. “मागत होती. तुम्ही वाढतच नव्हता.”

मी तिथल्या तिथं जाहीर केलं, रविवारी गच्चीत रोडगे. पोरं नाचायला लागली. सून म्हणाली, “शेणावर भाजलेलं मी माझ्या पोरीला देणार नाय.” मी म्हणालो, “मग तुझ्या नवऱ्याला उलटी कर म्हणावं, तो त्याच्यावरच वाढलाय.”

मुलाला सांगितलं, गावाहून गोवऱ्यांचं पोतं आण. तो म्हणाला, “अण्णा, नव्या गाडीत शेण नाय घालायचं.” गाडी नवी आहे, बाप जुना. शनिवारी स्वतः गुलमंडी गाठली. चार ठिकाणी माणसं हसली. शेवटी पूजेच्या दुकानात मिळाल्या, बिस्किटासारख्या गोल, प्लास्टिकच्या पुड्यात. पुड्यावर काहीबाही छापलेलं होतं. गोवरीवर वाचायचं काय असतं? घरी येऊन पुडे फोडले आणि गोवऱ्या घमेल्यात ओतल्या.

रविवारी सकाळी गच्चीत विटा मांडल्या. पोरांकडून पीठ मळून घेतलं. थोरल्यानं पाणी जास्त घातलं, त्याच्यावर ओरडलो. तो रडला. मुलगा खालून म्हणाला, “झालं सुरू!” पण नात रडणारी नाही. तिच्या पुऱ्या वाकड्या झाल्या, तिनं मोडून परत केल्या. विस्तव पेटला तशी ती म्हणाली, “आबा, काय मस्त वास येतोय!”

“येणारच,” मी म्हणालो. “हात कुणाचा हाय!”

रोडगे राखेत पुरले. पोरांच्या तोंडाकडं बघत अंदाजानंच काढले, झटकले, फोडले, वरून तूप ओतलं. आतून शिजले होते. पदर न् पदर सुटला होता. सुनेनं वरण आणि वांग्याची भाजी आणून ठेवली. सगळे बसले.

पहिला घास धाकट्यानं थुंकला. “ई! अगरबत्ती खाल्ल्यासारखं लागतंय.”

मुलानं तुकडा हुंगला. घमेल्यात तळाशी राहिलेली गोवरी उचलली, हुंगली. “अण्णा, ह्या हवनाच्या गोवऱ्या हायत. कापूर अन् गुग्गुळ घातलेल्या. सैपाकाच्या नव्हत!”

नात माझ्याकडं बघत होती. “आबा, तुम्हाला वास नाही आला? सगळ्या गच्चीत येत होता.”

“आला की. गावाकडं असाच असतो,” मी म्हणालो आणि घास तोंडात घातला. मला तो मऊ लागला आणि गरम लागला. बाकी काही नाही.

सुनेनं ताट खाली ठेवलं. उठली, जिन्यानं खाली गेली आणि मूठ बांधून वर आली. मूठ माझ्या नाकाशी धरली.

“मामा, काय हाय सांगा.”

“मला काय शाळेत घातलंय का?”

“सांगा तर.”

सगळे बघत होते. मी ओढून श्वास घेतला. “लसूण,” म्हणालो. “ठेचलेली.”

तिनं मूठ उघडली. आत काहीच नव्हतं.

सुनेचं तोंड कसंनुसं झालं. “म्हणजे त्या दिवशी गॅस...” एवढंच म्हणाली आणि माझ्या ताटात वरण वाढायला लागली. आजवर तिनं मला न मागता कधी वाढलं नव्हतं. तिचा तोरा मला चालत होता, त्याला उत्तर देता येत होतं. ही दया मला विस्तवासारखी लागली. मी ताट सारलं.

मुलानं निकाल लावून टाकला. “अण्णा, आता गॅस नाय, चूल नाय. उद्या डॉक्टरला दाखवू. पोरांना काय शिकवायचं ते ही शिकवेल.”

“तुला कुणी विचारलं?” मी म्हणालो. पण उठताना भिंतीला हात टेकावा लागला, हे त्यानं बघितलं. त्याचा मला अजून राग आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टरकडं न्यायला मुलगा उठायच्या आत, मी मध्यवर्ती बसस्थानकावरून पैठणची पहिली गाडी धरली. गावात चुलतभावाच्या परसातून पोतंभर गोवऱ्या भरल्या, साध्या, काड्या दिसणाऱ्या. परतीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, “आजोबा, गोवऱ्या कुठं निघाल्या?”

“मसणात नाय,” म्हणालो, “सिडकोत.”

पोतं गच्चीत नेईपर्यंत दम लागला. सून मागोमाग वर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्याकडं बघितलं नाही. जिन्यातून नातीला हाक मारली. ती केस न विंचरताच आली.

“इथं बस,” मी म्हणालो. “पीठ तू मळायचं. रोडगे पुरले की राखेपाशी थांबायचं अन् वास बदलला की मला सांगायचं. चुकलीस तर ओरडीन.”

“आणि नाही चुकले तर?”

“तरी ओरडीन.”

तिनं परात पुढं ओढली. मी विस्तव पेटवला.