एका अक्षराची साक्ष

शुक्रवारची सकाळ होती. बाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते, सूनबाई माळ्यावरून काढलेल्या ताटल्या पुसत होती, आणि न्हाणीघरात नातू गात होता. गात होता म्हणजे प्रयत्न करत होता. तेराव्या वर्षी मुलांचा आवाज फुटतो तसा त्याचाही फुटला होता. ओळ सुरू व्हायची माणसाच्या आवाजात आणि संपायची बोक्याच्या.

"अरे, तिसऱ्या ओळीत खाली ये," बाई तिथूनच ओरडल्या. "चढतोयस कशाला? जिन्यावर आहेस का?"

"आजी, पाणी गार आहे!"

"मग आटप लवकर. ओळीचा त्यात काय दोष?"

सूनबाई हसली. घरात आठवडाभर असंच चाललं होतं. उद्या शनिवार, यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ. उद्या सकाळी नातू पहिल्यांदा सगळ्या समाजासमोर तोरा वाचणार होता. तोरा म्हणजे त्यांचं धर्मशास्त्र. छापील नव्हे, कातड्याच्या लांबलचक गुंडाळीवर बोरूने, हाताने लिहिलेलं. त्यात ना काना-मात्रा, ना सुरांच्या खुणा. सगळं डोक्यात ठेवून सुरात वाचायचं. तेरा वर्षांच्या मुलाला हे पेलायला हवं म्हणून आजी-नातू दहा महिने रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसत होते. बाईंचा मुलगा पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेला होता.

दार वाजलं.

"आले वाटतं!" म्हणत सूनबाईने पदर नीट केला आणि दार उघडलं. दारात पाहुणे नव्हते. रब्बी होते, म्हणजे शाळेचे आणि प्रार्थनालयाचे धर्मगुरू. एरवी शर्टाचं वरचं बटणही न विसरणारा हा माणूस आज घामाघूम होता.

"बाई, जरा काम होतं," ते म्हणाले, आणि आत येऊन बसायचं सोडून चौकटीलाच टेकले.

काहीतरी बिघडलंय, हे बाईंनी ओळखलं. हेच रब्बी पाच वर्षांचे असताना बाईंच्या वर्गात पाटी फुटली की असेच चौकटीला टेकून उभे राहायचे.

यहुदी मुलांच्या त्या छोट्या शाळेत बाई एकतीस वर्षं बालवर्गाला शिकवत होत्या. मुलं त्यांना अक्षरबाई म्हणत, आणि आता तर मुलांचे आईबापही म्हणत, कारण तेही त्यांच्याच हाताखालून गेलेले. नवरा अचानक गेला, पदरात चार वर्षांचा मुलगा. शाळेने विचारलं, बालवर्ग सांभाळाल का? बाईंना वाटलं, हिब्रूची बावीस अक्षरं तर आहेत, त्यात काय मोठंसं!

पहिल्या वर्षी त्यांचा वर्ग असा घडाघडा वाचायला लागला की बघणारा थक्क व्हावा. तेव्हाचे म्हातारे रब्बी परीक्षेला आले. ऐकलं, मान डोलावली, मग एका मुलाच्या हातातलं पुस्तक हळूच उलटं करून ठेवलं. मुलगा घडाघडा वाचतच राहिला. सगळा वर्ग बाईंच्या ओठांकडे बघत होता. पुस्तकाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"बाई," म्हातारे रब्बी म्हणाले, "हे तुम्हाला वाचतायत. तुम्ही उद्या मेलात की ह्यांचा धर्मही मेला."

लागलं ते. घरी येऊन बाई रडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुठ्ठा घेतला, मधोमध एक अक्षर मावेल एवढी खिडकी कापली, आणि मुलांना फळ्याकडे तोंड करून, बाईंकडे पाठ करून वाचायला लावलं. "माझ्या तोंडावर काही लिहिलेलं नाही," हे वाक्य त्यांनी पुढच्या तीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, त्याला गणती नाही. बाकी शिक्षक मुलांना चांगुलपणा शिकवत, प्रार्थना शिकवत. बाई एवढंच शिकवत: आधी नीट बघ, मग बोल.

आता त्या उलट्या पुस्तकाचा मालक, तो मुलगा, स्वतःच रब्बी होऊन दारात उभा होता.

"उद्याच्या उताऱ्यापर्यंत गुंडाळी सरकवून ठेवत होतो," ते म्हणाले. "एका वावची शाई उडालीय. खालचा अर्धा पाय गेलाय."

वाव म्हणजे एक उभी रेघ, वर छोटं डोकं. हीच रेघ आखूड झाली की ती वाव राहत नाही, योद होते. आणि एक अक्षर जरी बदललं तरी आख्खी गुंडाळी बाद. दुरुस्त होईपर्यंत तिच्यातून वाचता येत नाही.

"बाद?" सूनबाईच्या हातातली ताटली तिथेच थांबली. "आणि दुसरी गुंडाळी?"

"ती दोन वर्षांपासून बाद आहे. लिहिणारा माणूस इथे नाही, यायला तीन आठवडे तरी लागतील. दुसऱ्या गावची मागवावी तर आज सूर्यास्ताला शब्बाथ लागायच्या आत पोचणार नाही."

नातू ओल्या केसांनी बाहेर आला होता. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही.

"पण अजून बाद झालेली नाही," रब्बी घाईने म्हणाले. "मला ती वावच दिसते. पण माझ्या दिसण्याला किंमत नाही. मला ओळ पाठ आहे, अर्थ माहीत आहे. माझा डोळा थापा मारतो. अशा वेळी लहान मुलाला विचारायचं, असं शास्त्रच आहे. अक्षरं येणारं पण अर्थ न कळणारं मूल. ना उंटावरचं शहाणं, ना अगदीच शंख. ते म्हणेल ते खरं. एकदाच विचारायचं."

"म्हणजे माझ्या वर्गातलं," बाई म्हणाल्या.

"तुम्हालाच सांगणं बरोबर नाही, कळतंय मला. नातवाचा प्रश्न आहे. पण मुलं तुम्हीच ओळखता. कोणाला आणायचं ते तुम्ही ठरवा."

बाईंनी हात धुतले. बोटांच्या बेचक्यातलं पीठ काही निघेना. सूनबाई टॉवेल घेऊन मागे आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आई, जरा समजूतदार पोर न्या हं."

बाईंनी टॉवेलला हात पुसले. पण 'समजूतदार' हा शब्द कानात राहिला.

शाळा दहा मिनिटांवर. नातू मागून येत होता. रस्त्याच्या कडेला दुकानांची दारं वर जात होती, कोणी पायऱ्यांवर पाणी मारत होतं, आणि बाईंच्या डोळ्यांसमोर दोन पोरं उभी होती.

एक ठोंब्या. त्याला जे दिसतं ते तो बोलतो, जगबुडी आली तरी. पहिल्याच दिवशी त्याने भर वर्गात जाहीर केलं होतं, "बाई, तुम्हाला मिशी आहे." खोटं नव्हतं. अर्धा पाय गेलेली रेघ ठोंब्याला दाखवली की तो काय म्हणणार, हे बाईंना घरातच कळलं होतं.

आणि दुसरी मैना. सहा वर्षांची, गोड, चुणचुणीत. मैना अक्षराकडे एकदा बघायची आणि बाईंच्या चेहऱ्याकडे तीनदा. पुठ्ठ्याची खिडकी, फळ्याकडे तोंड, सगळे उपाय करून झाले. तरी ती मान वळवून बघायचीच. घरी आईबापांचं पटत नव्हतं. कोणाचा पारा कधी चढेल हे आधी ओळखायचं, आणि चढायच्या आत त्याला हवं ते बोलून मोकळं व्हायचं, हे ती बोलायला लागली तेव्हाच शिकली होती. मैनेला नुसतं समोर बसवलं की पुरे. काही सांगायला नको, खुणावायला नको.

आज बाईंची रजा होती, वर्गावर दुसऱ्या शिक्षिका होत्या. बालवर्गाच्या दारात बाई क्षणभर थांबल्या. ठोंब्या पहिल्याच बाकावर बसून नाक पुसत होता. ह्याला सर्दी झालीय, बाईंनी स्वतःला सांगितलं. कातड्यावर शिंकला म्हणजे?

"मैना, चल गं माझ्याबरोबर."

शाळेला लागूनच असलेल्या प्रार्थनालयात मोठ्या टेबलावर गुंडाळी उघडलेली होती. तिला हात लावत नाहीत. आजूबाजूची अक्षरं झाकायला रब्बींनी कडेने कागद सरकवले आणि बाईंचाच तो खिडकीचा पुठ्ठा अलगद वर धरला. मैनेला खुर्चीवर उभं केलं. समोरच्या खुर्चीत बाई बसल्या. नातू दारातच राहिला, हात खिशात घालून. खिशातल्या मुठी बाहेरून दिसत होत्या.

"हे अक्षर कोणतं, सांगशील?" रब्बींनी विचारलं.

मैनेने खाली बघितलं. मग वर बघितलं, सरळ बाईंच्या तोंडाकडे.

बाईंनी चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला. पण तो कोरा कसला! दहा महिन्यांच्या संध्याकाळी त्यावर होत्या, स्टेशनवरचे पाहुणे होते, दारातल्या त्या मुठी होत्या. मैना ते सगळं वाचत होती. एवढ्याशा कपाळावर आठी पडली होती. बाईंना काय हवंय हे शोधून काढणं हेच तिला नेमून दिलेलं काम आहे, अशा समजुतीने ती कामाला लागली होती. तिचे ओठ 'वा'साठी गोल व्हायला लागले.

बाई उठल्या. खुर्ची उचलून त्यांनी उलटी फिरवली आणि टेबलाकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसल्या.

"मैना, मी इथेच आहे हं. कुठे गेले नाही. आता तुला माझं तोंड दिसणार नाही. पण अक्षर दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग जे दिसतंय ते रब्बींना सांग."

 बाहेर नळाखाली कोणी बादली ठेवली होती, ती भरून वाहत होती. कोणीतरी नळ बंद करायला हवा, बाईंच्या मनात आलं.

"योद," मागून मैनेचा आवाज आला. आणि थोड्या वेळाने, "छोटंसंच आहे. योद."

रब्बींनी पुन्हा विचारलं नाही. पुठ्ठा खाली ठेवल्याचा आवाज तेवढा झाला.

"बाई, चुकलं का माझं?"

बाई लगेच वळल्या नाहीत. वळायच्या आधी चेहरा जागेवर आणायला हवा होता. ही पोर तो अक्षर न् अक्षर वाचणार. मग त्या वळल्या, मैनेला खुर्चीवरून खाली उतरवलं, तिचा फ्रॉक सारखा केला.

"नाही चुकलं. नीट बघितलंस आणि सांगितलंस. शाबास. जा आता वर्गात, आणि ठोंब्याला म्हणावं, तेवढा बाहेरचा नळ बंद कर."

मैना उड्या मारत गेली.

रब्बींनी गुंडाळी मिटली, तिला तिचं मखमली आवरण घातलं. बांधायची पट्टी एरवी आवरणाच्या आत असते. बाद झालेल्या गुंडाळीला ती आवरणावरून, बाहेर बांधतात, म्हणजे चुकून कोणी उघडायला नको. पट्टी हातात घेऊन ते नुसते उभे राहिले.

"उद्या तो छापील पुस्तकातून वाचेल," ते म्हणाले. "वाचनाच्या आधीची-नंतरची मंगलवचनं म्हणता येणार नाहीत, पण..."

"पुस्तकातून कोणीही वाचतं," नातू दारातून म्हणाला. त्याचा आवाज फुटला, आणि ह्या वेळी कोणालाच हसू आलं नाही. "उतारा दर आठवड्याला बदलतो, पुढच्या महिन्यात दुसराच असेल. हा परत वर्षाने. आजी, तू पाठ का फिरवलीस? ती वाव म्हणणार होती. मी बघितलं ना. तू नुसती बसून राहिली असतीस तरी झालं असतं!"

"हो," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग काय! म्हणून तर तिला आणली होती मी."

रब्बींनी मान वर केली.

"ठोंब्या योदच म्हणणार, हे मला घरून निघतानाच ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "त्याच्या सर्दीचं मी निमित्त केलं. सगळी वाट चालून आले, पोरीला खुर्चीवर उभी केली, तोपर्यंत मला लाज वाटली नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं तेव्हा वाटली. रब्बी, तुम्ही मला मूल निवडायला सांगितलंत. मी उत्तर निवडून आणलं होतं. हे तुम्हाला माहीत असावं."

 नातू भिंतीला टेकून उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून तो छताकडे बघत होता. बाईंना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण तेरा वर्षांच्या मुलाला केव्हा जवळ घ्यायचं नाही, हेही त्यांना कळत होतं.

"तुझे दहा महिने गेले, ते मी भरून देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्यावर राग धर, कितीही दिवस धर. घरी तुझी आई चिडेल, पाहुणे हळहळतील, ते मी ऐकून घेईन. पण उद्या इथे सगळे जमतील. गुंडाळी का उघडली नाही, कोणत्या पोराने काय सांगितलं, ह्याची चौकशी होणार. माणसांच्या जिभेला काही हाड नसतं. कोणीतरी थट्टेत म्हणेल, हिनेच ती बाद केली म्हणून. आणि ती पोर आईचा हात धरून तिथेच उभी असेल, सगळ्यांची तोंडं बघत."

त्या थांबल्या. मग रब्बींकडे आणि नातवाकडे, दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या,

"माझं एवढंच मागणं आहे. तिच्या उत्तराने काय झालं, ते मैनेला कोणी सांगू नका."