फाटकाबाहेरचा विसावा

भिजलेल्या झेंडूला एक कडवट वास असतो. पोळ्याच्या आदल्या आठवड्यातल्या त्या झडीत तो माझ्या पदराला लागूनच राहिला होता. आमच्या गावची कौसाबाई गेल्याचं कळलं आणि मी रामदासपेठेतलं घर उघड्या पसाऱ्यासकट टाकून निघाले. ऐन तारुण्यात वस्तीतल्या चार बायकांना घेऊन तिने गावविहिरीवर पहिली घागर भरली होती. दगड खाल्ले, पण दोर सोडला नाही. ती लढाई तिथेच संपली, असं आम्ही सारे सुखाने समजून बसलो होतो.

अर्ध्या वाटेवर तिरडी टेकवून खांदेकरी बदलतात, तो विसावा रीतसर झाला. वस्तीचं उघडं स्मशान नाल्याच्या पुरात गेलेलं, म्हणून सगळे गावाच्या स्मशानातल्या टिनाच्या शेडकडे वळले. फाटकाला कुलूप होतं आणि कुलपाशी किल्ली घेऊन माझा सख्खा भाऊ उभा होता. सकाळीच त्याने मला आग्रह करकरून दुसरा कप चहा पाजला होता.

तो ओरडला नाही. वाटसरूला पत्ता सांगावा तसा म्हणाला, "त्याईची जागा नाल्यापाशी आहे ना. इथं काहून?"

विहिरीची गोष्ट आम्ही दोघांनी कौसाबाईच्याच तोंडून, तिच्याच ओट्यावर बसून ऐकली होती.

तिच्या लेकीने, सुमनने, तिरडी फाटकासमोरच्या चिखलात टेकवायला लावली. "नाल्यात कमरेइतकं पाणी आहे गा भाऊ. मायले जाळू का बुडवू, तूच सांग."

मग बायका तिरडीभोवती बसल्या, मीही बसले. घोषणा नाही, रडणं नाही. नुसता टिनावर पाऊस वाजत होता आणि तिरडी परत न्यायला खांदा द्यायला कोणी उठत नव्हतं. दुपार कलल्यावर दादाने कुलूप काढलं, "आजच्यापुरतं" म्हणाला आणि बाहेरूनच घराकडे वळला. त्याचे आभार कोणी मानले नाहीत.

चिता नीट पेटल्यावर मी त्याच्या घरी परतले. वहिनीने मागच्या दारी पाणी तापवून ठेवलं होतं. स्मशानातून आल्यावर आंघोळ करतातच, त्यात नवल ते काय? पण बादलीत हात घातला आणि मी थबकले. हे पाणी मरणाचं सुतक धुवायला, की ज्यांच्याशी खांदा भिडवून मी चिखलात बसले होते, त्यांचा स्पर्श?

"डोक्यावरून घ्या जी, ताई," वहिनी नजर चुकवत म्हणाली.

दादाची आंघोळ आधीच झाली होती. तो तर फाटकाच्या आत आलाच नव्हता.