पाहुण्यांची बाटली

बेल्मिरू मेस्त्रीच्या पिशवीतून बाटलीची मान बाहेर डोकावली, तेव्हा ग्रासिएत आपल्या दारात मटार सोलत बसली होती. टोपली मांडीवरून घसरली, मटार पायऱ्यांवरून गडगडत खाली नदीच्या रोखाने निघाले, आणि ते उचलायचं भानही तिला राहिलं नाही.

"बेल्मिरू, हे काय?"

"दिसत नाही? पोर्ट वाइन आहे."

"अरे देवा!" तिने कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. "तुझ्या एर्मेलिंदाला जाऊन वर्ष नाही झालं, आणि तू पुन्हा..."

"पाहुण्यांसाठी आहे," बेल्मिरू गुरगुरला. "उद्या ईस्टर. चर्चची मंडळी क्रूस घेऊन घरी येणार. आलेल्या लोकांना काय नळाचं पाणी पाजू?"

ग्रासिएतने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ही बाई बोलताना अडखळली असं आमच्या गल्लीने कधी पाहिलेलं नाही. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मला सांगायचंस ना. मी केलं असतं काहीतरी."

"तू काय करणार होतीस? बाटली विकतच आणावी लागते." असं म्हणून त्याने आत जाऊन दार लावून घेतलं. बाटली त्याने टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला ठेवली आणि तिच्याकडे पाठ फिरवली. ग्रासिएतचा राग आला होता हे खरं, पण पाठ रागाने फिरवली नव्हती.

खरं सांगायचं तर बेल्मिरूने उभ्या जन्मात पहिल्यांदाच पोर्टची बाटली विकत घेतली होती. हसू नका. गाया गावच्या वाइनच्या वखारींमध्ये ज्याने मिसरूड फुटायच्या आधीपासून पिंपं बांधली, फळ्या वाकवल्या, लोखंडी कड्या ठोकल्या, तो माणूस बाटली विकत घेत नाही. वखारीत घसा ओला करायला मिळायचंच. पुढे तेवढ्याने भागेना, तेव्हा त्याने खालच्या गुत्त्यातली स्वस्त दारू जवळ केली. लग्न झालं, मूल झालं नाही, हातोडी चालत राहिली आणि पेलाही चालत राहिला. एर्मेलिंदा दुसऱ्यांच्या घरच्या चादरी इस्त्री करून घर चालवायची. गल्लीला सगळं माहीत होतं. गल्लीला काय माहीत नसतं!

मग तो ईस्टर आला. दारात फुलांच्या पाकळ्या पसरलेल्या, मेजावर मोठा पिवळाधमक केक, साखरेत घोळवलेले बदाम, पाहुण्यांसाठी पोर्ट. घंटा वाजली, लाल झगे घातलेली मंडळी आत आली, आणि कुस्तोदियू न्हाव्याने फुलांनी सजवलेला क्रूस पुढे धरला. एकेकाने वाकून त्याचं चुंबन घ्यायचं, एवढंच काम. पण बेल्मिरू सकाळपासून पीत होता. तो वाकला तो वाकतच गेला. क्षणभरात येशू पालथा, कुस्तोदियू उताणा आणि बेल्मिरूचं डोकं केकमध्ये! दारातल्या बायका आ वासून बघत राहिल्या. एर्मेलिंदा मात्र ओरडली नाही, रडली नाही. तिने क्रूस उचलला, ॲप्रनने पुसला, कुस्तोदियूच्या हातात दिला. मग गुडघ्यांवर बसून सुरीने जमिनीवरचा केक खरवडू लागली. बेल्मिरू भिंतीला टेकून तिचा तो हात बघत राहिला, आणि त्या दिवसापासून त्याने थेंबाला शिवणं सोडलं.

सोडलं, पण पीळ काही गेला नाही. एर्मेलिंदा म्हणाली, "कपाटातली बाटली देऊन टाकू या कुणाला तरी." तर हा ताडकन उभा! "बाटली तिथंच राहील. पिंपं बांधणाऱ्याच्या घरी पाहुण्याला पोर्ट मिळत नाही, असं कुणी म्हणायला नको. राहू दे ती माझ्या डोळ्यांसमोर. बघू कोण जिंकतं."

तर ती काचेच्या कपाटात राहिली. काळपट काचेची, लांब मानेची. बेल्मिरू रोज तिच्यासमोरून जायचा आणि जाताना छाती जरा पुढे काढायचा. कॉफीच्या दुकानात बसला की विषय कुठूनही सुरू होवो, मेस्त्री तिथंच येऊन पोचायचा. "माझ्या घरात भरलेली बाटली आहे, काय समजलात? बोट लावलं नाही." ऐकणारे म्हणायचे, "वा मेस्त्री, कमाल आहे तुमची," आणि आपापल्या कपात बघायचे. ईस्टरला पाहुण्यांचे पेले एर्मेलिंदा भरायची, आणि संपली की नवी तीच आणत असेल असं तो धरून चालायचा. बेल्मिरू तेव्हा हात मागे बांधून थेट उंबऱ्यापाशी उभा राहायचा, कारण वास आला तर काय होईल याची त्याला खात्री नव्हती. एवढं मात्र तो कॉफीच्या दुकानात कधी बोलला नाही.

अशी वीसेक वर्षं गेली. मागच्या शरदात एर्मेलिंदा छातीच्या दुखण्याने गेली. ईस्टर तोंडावर आला तेव्हा घर उघडं ठेवायचं की नाही, यावर बेल्मिरूने आठवडाभर डोकं खाजवलं. पाकळ्या पसरल्या नाहीत तर क्रूस दारावरून पुढे जाणार. म्हणजे बायको गेली आणि घरही गेलं! नाही, घर उघडायचं, आणि तिने ठेवलं असतं तसंच सगळं ठेवायचं. त्याने मनाचा हिय्या करून कपाटातली बाटली पहिल्यांदा हातात घेतली. ती हलकी लागली. आत काहीच नव्हतं. मागच्या ईस्टरला संपली असेल, असं म्हणून त्याने ती कोपऱ्यावरच्या रिकाम्या बाटल्यांच्या डब्यात टाकली आणि दुकान गाठलं.

दुकानातली मुलगी मोठी चौकस. "लाल हवी, पांढरी हवी, की टॉनी? जेवणानंतर घेणार की चीजबरोबर?"

"क्रूसासाठी हवी."

"असं होय! मग विंटेज नको. ती बाटलीत म्हातारी होते, गाळ धरते, उभी करून गाळून घ्यावी लागते. आणि एकदा उघडली की एकदोन दिवसांत संपवायलाच हवी."

एकदोन दिवसांत संपवायची! बेल्मिरूच्या कपाळावर घाम आला.

"टॉनी न्या," मुलगी म्हणाली. "लाकडात जुनी झालेली. उघडली तरी दीडदोन महिने काही होत नाही. जरा गार करा, छोट्या पेल्यात द्या. आणि पाहुणे गेले की तुम्हीही घ्या बरं का एक, निवांत बसून."

पैसे देऊन तो असा सटकला की सुटे घ्यायचंही राहिलं. बाटली त्याने कोबीच्या खाली लपवली होती. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हे. चढणीवर कोबी कलंडला, आणि मग मटारांचं ते झालं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला घंटा ऐकू आली. बेल्मिरूने दारात पाकळ्या पसरल्या होत्या, थोड्या जास्तच. केक ग्रासिएतने करून दिला होता. कुस्तोदियू आता पांढराशुभ्र झाला होता, पण क्रूस अजून त्याच्याच हातात. मागे घंटावाला आणि दानाची टोपली धरलेली एक बाई. "ख्रिस्त उठला आहे, आलेलुया!" बेल्मिरू वाकला, चुंबन घेतलं, सरळ उभा राहिला. मग श्वास रोखून त्याने स्वतःच्या हाताने पेले भरले. तरी वास आलाच. अक्रोड, मध, जुनं भिजलेलं लाकूड. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याला स्वतःची भीती वाटली.

मंडळींच्या मागून ग्रासिएत आत आली होती. ती कुस्तोदियूकडे बघून हात हलवत होती, डोळे मोठे करत होती. माशी हाकलते आहे असं समजून तो तिच्याकडे बघून हसला. मग तिघांनी पेले उचलले आणि काढा घेतात तसे एका दमात घशात ओतले.

कुस्तोदियूचे डोळे खोबणीबाहेर यायचे बाकी राहिले. घंटावाल्याला असा ठसका लागला की घंटा आपोआप वाजू लागली. आणि टोपलीवाली किंचाळली, "अगं आई गं! ही खरी आहे!"

ग्रासिएतने कपाळाला हात लावला.

"खरी म्हणजे?" बेल्मिरूने विचारलं.

जो तो दुसऱ्याकडे बघत होता.

"खरी म्हणजे काय, कुस्तोदियू?"

"मेस्त्री..." कुस्तोदियूने तोंड पुसलं. "आम्हाला वाटलं, नेहमीसारखा चहा असेल."

बेल्मिरूने बाटली मेजावर टेकवली. "कसला चहा?"

आता ग्रासिएत पुढे आली. "काळा चहा. तू सोडलीस त्याच आठवड्यात तिने बाटली मोरीत ओतली. दर ईस्टरला चहा उकळायची, रंगासाठी साखर जाळून घालायची, आणि त्याच बाटलीत भरायची. क्रूस पुढे गेला की बाटली धुऊन परत कपाटात."

"म्हणजे वर्षभर..."

"रिकामी."

"आणि हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

"गल्लीला," ग्रासिएत म्हणाली. मग खोटं बोलवेना म्हणून पुढे म्हणाली, "आणि वरच्या गल्लीला."

बेल्मिरूला कॉफीचं दुकान आठवलं. कपात बघणारी ती सगळी डोकी आठवली. त्याचे कान लाल झाले. वीस वर्षं हा पैलवान रिकाम्या काचेशी कुस्ती खेळत होता, आणि सगळा गाव टाळ्या वाजवत होता! पण लाजेपेक्षा दुसरंच काहीतरी खोल गेलं.

"तिचा माझ्यावर भरवसा नव्हता," तो म्हणाला.

"पहिल्या वर्षी नव्हता!" ग्रासिएत एकदम उखडली. "कसा असेल, मेल्या? काय म्हणून असेल? पण नंतर होता. दर वर्षी म्हणायची, यंदा सांगते त्याला, आता खरी बाटली ठेवली तरी चालेल. आणि तू त्या कपाटासमोरून छाती काढून जायचास. मग मला म्हणायची, ग्रासिएत, त्याच्याकडे अभिमानाने सांगण्यासारखं एवढंच आहे गं. ते कसं काढून घेऊ?"

बेल्मिरू खाली बसला. रडू येत होतं आणि ते त्याने लपवलं नाही.

तेवढ्यात कुस्तोदियूने पेला पुढे केला. "अजून घाला, मेस्त्री. चांगली आहे." घंटावाल्यानेही केला. टोपलीवालीने तर दोन्ही हातांनी धरला, आणि तिला ती मुळीच आवडली नव्हती हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. अजून अर्धी गल्ली बाकी होती, ऊन चढत होतं, कुस्तोदियूचे गुडघे असेही कुरकुरणारे. तरी तिघं पेले धरून उभे. बेल्मिरूने दोनदा भरले, आणि तिसऱ्यांदा भरताना त्याच्या लक्षात आलं. ही माणसं बाटली संपवत होती, त्याच्या घरात काही मागे उरू नये म्हणून.

त्याने बाटलीच्या तोंडावर तळहात ठेवला. "बस करा."

"अहो, आम्हाला काही त्रास नाही," कुस्तोदियू जड जिभेने म्हणाला.

"बस म्हणतो ना." बेल्मिरूने बूच लावलं आणि बाटली ग्रासिएतपुढे धरली. "ही घेऊन जा. घरात राहिली तर संध्याकाळपर्यंत मी पिईन."

ग्रासिएत दुसऱ्यांदा अवाक झाली. बेल्मिरू मेस्त्रीच्या तोंडून 'मला जमणार नाही' या अर्थाचं एक अक्षर आजवर कुणी ऐकलं नव्हतं. तिने बाटली घेतली आणि ॲप्रनखाली धरली.

"पुढच्या वर्षी चहाच," बेल्मिरू डोळे पुसत म्हणाला. "मी करेन. साखर किती जाळायची ते सांगून ठेवा कुणीतरी."

"थोडी," घंटावाला घाईघाईने म्हणाला. "अगदी थोडी."

"मेस्त्री, आता बोलतोच," कुस्तोदियू म्हणाला. "देव तिला शांती देवो, पण तो चहा भयंकर होता. दर वर्षी भयंकर होता."

"मग इतकी वर्षं पीत कशाला होतात?"

कुस्तोदियूने क्रूस उचलून खांद्याला लावला.

"तुम्ही दारात उभे राहून बघत असायचात ना," तो म्हणाला.