सुवर्णाचा दोर

सायखेड्याची सुवर्णा अंगणवाडी चालवायची. २००७ च्या सुमारास गावाला शेततळ्यांचं वेड लागलं. ज्याच्या त्याच्या मळ्यात मोठा खड्डा, खड्ड्यात प्लॅस्टिकचा कागद आणि त्यात तुडुंब पाणी. द्राक्षांची सोय झाली, पण अंगणवाडीची वाट नेमकी त्या तळ्यांच्या काठानं जायची. शेजारच्या गावात एक धट्टाकट्टा, पोहणारा गडी अशाच तळ्यात बुडून गेला, तेव्हापासून सुवर्णाच्या जिवाला चैन नव्हतं. तळ्याला कुंपण घाला आणि आत गाठी मारलेला दोर सोडा, असं ती घरोघर सांगत फिरायची.

गाव तिचं ऐकेना, कारण गाव ऐकायचं तिच्या सासऱ्याचं. गंगेला, म्हणजे गावच्या गोदावरीला, वाहिलेला नारळ भर प्रवाहातून पोहत आणावा तर सावळीरामआबांनीच. एवढ्याशा डबक्याला दोर कशाला, म्हणून आबा मिशीत हसले की अख्खा पार हसायचा. सुवर्णाही हट्टाला पेटलेली. आबांच्याच नव्या तळ्याचं जलपूजन ठरलं, तशी ती खलीलभाईंच्या पंक्चरच्या दुकानातून जुनी ट्यूब घेऊन आली, हवा भरून दोराला बांधली आणि दोराचं दुसरं टोक काठच्या लिंबाला. शुभकार्यात हे काय लोढणं, म्हणून आबा करवादले. तिनं ऐकून घेतलं आणि दोर तिथंच ठेवला.

पूजा झाली. आबांनी नारळ पाण्यात टाकला आणि जन्माची खोड, त्यामागे स्वतःही उडी घेतली. टाळ्या पडल्या. नारळ काखेत मारून आबा ऐटीत काठाला आले, निसरड्या कागदावर पाय टेकवला आणि सर्रकन मागे गेले. दुसऱ्या काठाला गेले, तिथंही तेच. लोक पोट धरून हसत होते. पण आबांना धाप लागली तसं हसू विरलं. दोघे-तिघे उडी मारायला निघाले, त्यांना सुवर्णानं अडवलं. उतरेल तोही अडकेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं ट्यूब फेकली. आबांनी मान फिरवली.

लग्न झाल्यापासून सासऱ्यापुढे तिचा आवाज कधी चढला नव्हता. आज चढला.

"आबा, नारळ सोडा, दोर धरा."

आबांनी नारळ सोडला. सगळ्यांनी मिळून त्यांना वर ओढलं. सुवर्णाला हसू आणि रडू एकदमच आलं. कुणीतरी खुसखुसलं, तसे आबा धापा टाकत म्हणाले, "हसता काय? म्या नाय निघू शकलो, तुमची पोरं कशी निघतील? सून म्हणती तसा आधी दोर बांधा, मंग पाणी भरा."

आठवड्याभरात खलीलभाईंकडे एक जुनी ट्यूब उरली नाही. आबा स्वतः तळ्यातळ्यावर जाऊन दोराला लोंबकळून बघायचे, कुंपणाला हिसका द्यायचे आणि आपली फजिती तिखटमीठ लावून सांगायचे. त्या वाटेनं पोरं नेताना सुवर्णाची नजर आता सारखी तळ्याकडे जात नव्हती. ती पोरांबरोबर मोठ्यानं गाणी म्हणत जायची.