आईच्या अक्षरातली वही

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून भलती अपेक्षा ठेवणार नाही. पाल, इंजेक्शन, साहेबांच्या टेबलावरची घंटा, मी सगळ्यांना भिते. पण लहानपणापासून सगळ्यात जास्त भ्याले ते एका वहीला. पत्र्याच्या पेटीत, लाल कापडात बांधून ठेवलेली ती लांबट वही मंत्रांची होती. विंचू उतरवायचे, कावीळ उतरवायचे, दृष्ट काढायचे, बाळंतिणीला दूध यायचे, आणि कुणी करणी केली तर ती परतवायचे मंत्र. वही आईची होती आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आईच्याच हाताने लिहिलेली होती.

तिचं मूळ आई सांगायची ते असं. भोसल्यांच्या राज्यात नागपूरकडून छत्तीसगढात आलेला एक कारकून होता, आईच्या मावशीच्या सासरचा मूळपुरुष. एका मुक्कामात त्याला विंचू चावला आणि गावच्या बैगाने, म्हणजे झाडफूक करणाऱ्याने, तो उतरवला. दुसरा कुणी असता तर बैगाच्या पाया पडून पुढे गेला असता. हा पडला कारकून. त्याने दौत काढली आणि बैगा जे पुटपुटत होता ते मोडीत टिपून घेतलं. मग त्याला नादच लागला. जाईल त्या गावी विचारायचा आणि लिहून ठेवायचा. म्हणून वहीत सगळी सरमिसळ होती: एक ओळ मराठी, दोन हिंदी, चार छत्तीसगढी, मधेच एखाद्या पिराची आण. पुढे मीही कारकूनच झाले, पण त्याची हौस काही माझ्या वाट्याला आली नाही.

वहीचा नियम कडक होता. जो वापरणार त्यानेच ती सगळी स्वतःच्या हाताने लिहून काढायची. दुसऱ्याने लिहून दिलेली चालत नाही, छापलेली तर नाहीच. जुन्या वहीचा धनी गेला की ती वही राजिमला नेऊन महानदीत सोडायची. आईच्या मावशीने ती मोडीतून बाळबोधीत आणली, आईने मावशीची लिहून काढली. समासात आपला अनुभव नोंदवायची रीत होती. ‘गुण आला.’ ‘दोनदा केले, मग गुण आला.’ एका ठिकाणी मावशीची नोंद आईने तशीच उतरवली होती: ‘मूल राहिले नाही.’ आठ-नऊ वर्षांची असताना मी चोरून वही उघडली ती नेमकी त्या पानावर. ते मूल कुणाचं, हे विचारायचा धीर मला आजवर झाला नाही. त्या दिवसापासून पेटीच्या खोलीत मी एकटी जाईनाशी झाले.

बाबा रेल्वेत होते. ते गेल्यावर आई आणि मी रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. तिथे आईला सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, ओळखत होता. लेकरू रडायचं थांबलं नाही की बायका सरळ आमच्या ओट्यावर यायच्या. मग छत्तीसगढचं नवं राज्य झालं. जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय थाटलं, आणि जिथे खाटा होत्या तिथे आमची टेबलं लागली. दोन-तीन वर्षांनी मला अभनपूरच्या रस्त्यावर कर्मचाऱ्यांच्या नव्या कॉलनीत क्वार्टर मिळालं. कॉलनीच्या मागे जुनं गाव होतं, ते होतं तिथेच होतं. सामान उतरवतानाच मी आईला बजावलं की इथे झाडफूक नको, इथे साहेबांच्या बायका राहतात.

“काहून? साहेबाईच्या लेकराईले कावीळ नाही होत का?” आई म्हणाली. पण माझं तोंड बघून तिने पेटी आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

तिथे तिने मंगळवारच्या भजनात मन रमवलं. बायकांसाठी ती भजनं लिहून द्यायची. तिचं अक्षर मोठं, गोल, ठसठशीत. कॉलनीत सगळ्यांच्या ओळखीचं झालं. पण तिचे डोळे जाऊ लागले होते. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर टिकवा. त्या दिवशी घरी आल्या आल्या तिने पेटी उघडली.

“मले आता दिसून नाही राहिलं वं. वही लिहून घे. रोज एक पान लिही, मी बाजूले बसून राहीन.”

“मले भेव लागते,” मी म्हटलं.

“कायचं भेव? अक्षराचं?”

“लिहिलं त करावं लागन न मले.”

“त लागन. काय बिघडते?”

काय बिघडतं ते मला नीट सांगता येत नव्हतं. उद्या कुणी मरणाऱ्या लेकराला माझ्या मांडीवर आणून टाकेल आणि समासात मलाही ती ओळ लिहावी लागेल, ही भीती. आणि लोक मला काय म्हणतील, ही त्याहून मोठी. मी मार्चचं काम सांगितलं, मग विधानसभेचं अधिवेशन सांगितलं. आईने वर्षभर वाट पाहिली.

आमच्या सेक्शनमध्ये बिलासपूरकडची एक जण होती, माझ्याहून लहान, मला दीदी म्हणायची. कॉलनीत आमच्यापासून तिसरं घर तिचं. घरात नवरा, सासू आणि दीड वर्षाचा मुलगा. मुलाला कावीळ झाली. दवाखाना चालू होता, पण आईच्या मंत्राबद्दल तिला कुठून तरी कळलं होतं. “दीदी, आंटी को एक बार दिखा दूं?” असं तिने विचारलं आणि मी दचकले. आईने एकदा हात लावला की दुसऱ्या दिवशी दारात रांग लागणार, हे मला दिसत होतं. आईची तब्येत बरी नाही अशी थाप मारून मी म्हटलं, मंत्राचा कागद आणून देते, उशीखाली ठेव, आणि कुणाला सांगू नको.

लिहून द्यायचं धाडस माझ्यात नव्हतंच. आई देवळात गेलेली पाहून मी वही पिशवीत घातली आणि जेवणाच्या सुट्टीत झेरॉक्सच्या दुकानात नेली. हाताने लिहिलं तर आपण अडकतो, मशीनने काढलं तर नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुकानदाराने सवयीने पानाच्या दोन्ही बाजू काढल्या. मागच्या बाजूला माणसाची एक आकृती होती, हातापायांवर, पोटावर, कपाळावर अक्षरं लिहिलेली. दुखणं कुठे बसलंय ते शोधायची. ज्याला माहीत नाही त्याला ती भयंकर वाटावी अशीच होती. मला ती दिसली. मागची बाजू कोरी ठेवा, एवढंच म्हणायचं होतं. पण मागे माणसं उभी होती आणि मला तिथून कधी सटकते असं झालं होतं.

चौथ्या दिवशी आषाढातली अमावस्या आली. आमच्यात त्या दिवशी दिव्यांची पूजा. घरातले सगळे दिवे घासूनपुसून मांडायचे, जिवतीचा कागद भिंतीला लावायचा. तिथल्या लोकांची त्याच दिवशी हरेली. दाराला कडुनिंबाची डहाळी खोचतात आणि लोहार घरोघरी येऊन चौकटीत एकेक खिळा ठोकतो, कारण त्या दिवशी टोनही, म्हणजे चेटकीण, फिरते असं मानतात. कॉलनीतही लोहार यायचा, आणि साहेबांच्या बायकासुद्धा हसत हसत का होईना, खिळा ठोकून घ्यायच्या. आईलाही ते आवडायचं. त्याला द्यायला सुपात तांदूळ घेऊन ती फाटकाशी उभी होती. मागे अंगणात पांढऱ्या कापडावर आमचे पितळेचे दिवे सुकत होते.

हातोड्याचा आवाज गल्लीच्या टोकापासून येत होता. तीन घाव, मग तांदूळ घेण्यापुरती शांतता, मग पुढच्या घरी तीन घाव. शेजारच्या घरी झाले. लोहार आमच्या फाटकाशी आला. त्याने आईकडे पाहिलं, दिव्यांकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पुढे गेला. पलीकडच्या घरी तीन घाव पडले.

“इसरला वाटते,” आई म्हणाली. सूप तसंच तिच्या हातात होतं.

तो विसरला नव्हता. टोनहीच्याच घरी खिळा कोण ठोकणार? टोनही ठरवलेल्या बाईचं काय करतात ते मी ऑफिसात वाचत होते. जिल्ह्यांतून येणारे अहवाल माझ्याच टेबलावरून जायचे. केस कापले, मारलं, गावाबाहेर काढलं. मी ते नोंदवून, क्रमांक टाकून, पुढे पाठवून द्यायचे आणि मग डबा खायचे. आता मी आईला हाताला धरून आत नेऊ लागले, तर ती म्हणाली, दिवे कोण पाहील, मी बसते इथेच. आणि खुर्ची ओढून बसली.

दुपार व्हायच्या आत ते आले. पहाटे त्या मुलाला उलट्या सुरू झाल्या होत्या आणि आईबाप त्याला घेऊन इस्पितळात धावले होते. मागे अंथरूण झटकताना सासूला तो कागद सापडला. आकृती पाहून तिने टाहो फोडला, शेजारणी जमल्या, आणि कुणीतरी म्हणालं की ही तर मराठी आंटीची लिखावट. कॉलनीतल्या दहा-बारा बायका होत्या आणि गावातले पाच-सहा पुरुष. मी जाळीच्या दारामागे होते. कडी मी आतून लावून घेतली होती. आई बाहेर असताना.

सासूने कागद पुढे धरला. “ए काकर लिखे आय?”

आईने तो डोळ्यांशी नेला, बोटाने चाचपला. “अक्षर मेरा है,” ती म्हणाली.

“कोन दिस एला?”

आईने एकदाच मान वळवून दाराकडे पाहिलं. तिच्या त्या डोळ्यांना जाळीमागचं काही दिसणं शक्य नव्हतं. पण वही पेटीत होती आणि पेटीची किल्ली कुठे असते ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. तिला सगळं समजलं, आणि तिला समजलं हे मला समजलं.

“मैंने दिया,” आई म्हणाली.

कडी माझ्या हातात होती. ती काढून दोन पावलं पुढे जायचं आणि म्हणायचं, मी दिला. एवढंच. मी ते मनात म्हटलंसुद्धा. तेवढ्यात कुणाची तरी लाथ लागून दिवे कलंडले, एका माणसाने आईचा दंड धरून तिला खुर्चीतून उठवलं, आणि मी कडी तशीच धरून ठेवली. नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, आणि ते मलाही धरतील. माझ्या आईला समोर दंडाला धरून उभं केलं होतं आणि माझ्या डोक्यात हे चाललं होतं. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

फाटकाशी रिक्षा थांबली. मुलाची आई, आमच्या सेक्शनमधली ती, इस्पितळातून त्याचे कपडे न्यायला आली होती. गर्दी पाहून धावत आत शिरली आणि सासूच्या समोर उभी राहिली. “मैं मांगे रहेंव. दाई ला कुछु पता नइये.” मीच मागितला होता, या म्हातारीला काही ठाऊक नाही. सासूने सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. तिने तेच पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने. मग म्हणाली, बाळाला सलाइन लावलंय, डॉक्टर म्हणतात वाचेल. तिने माझं नाव घेतलं नाही. त्या माणसाने आईचा दंड सोडला. सासूने कागदाचे तुकडे केले. माणसं लगेच गेली नाहीत, बराच वेळ घुटमळली, मग एकेक करून पांगली. संध्याकाळपर्यंत बायकांनी आईने लिहून दिलेली भजनाची वहीसुद्धा नाल्यात टाकून दिली.

मी बाहेर आले आणि दिवे गोळा करू लागले. आई दंड चोळत बसली होती. तिने मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मूल आठवड्याने घरी आलं. त्याला कडेवर घेऊन ती आमच्याकडे आली, तेव्हा आईने मला पेटी आणायला सांगितली आणि वही तिच्या हातात दिली. “लिखेगी? डर तो नहीं लगता?” असं आईने विचारलं. ती म्हणाली, लगता है आंटी, बहुत लगता है. “लगने दे,” आई म्हणाली.

आठ-नऊ महिने ती जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसून वही लिहीत होती. कुठे अडलं की विचारायची, “दीदी, ये क्या लिखा है?” आणि मी आईचं अक्षर तिला वाचून दाखवायचे. काविळीच्या पानावर समासात तिने आपली पहिली नोंद केली: ‘बच्चा ठीक हुआ, अस्पताल से.’ ते ऐकून आई खूप हसली, म्हणाली, राहू दे, खरं आहे न.

मंत्रालय नव्या रायपूरला हललं त्याच्या आधीच आई गेली. तेराव्यानंतर आम्ही दोघी सकाळच्या बसने राजिमला गेलो. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली, लाल कापड सोडलं आणि माझ्याकडे वळली. “दीदी, एक पन्ना रख लो. आंटी की निशानी. मैं किसी से नहीं कहूंगी.”

आम्ही दोघी कधी वेगळ्या राहिलोच नाही, त्यामुळे आईला मला पत्र लिहायची वेळ आली नव्हती. तिच्या हातचं जे काही उरलं होतं ते त्या वहीत होतं. मी हात पुढे केला होता. मग मनात आलं, पान घरात ठेवलं आणि कुणाच्या दृष्टीस पडलं तर?

मी नको म्हटलं. तिने वही पाण्यात सोडली. माझ्याकडे आईच्या अक्षरातलं आज काहीही नाही.